ठिपका

आशेर मकासरे कपाटाची किल्ली शोधतोय,
मी तोवर हात चोळून घेते.
डिसेंबर. निफाडकडे म्हणे पारा पाचावर,
द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या, घडांना ऊब म्हणून.
इकडे शरणपूर रोडच्या सिग्नलला
सांताची टोपी वीस रुपयांना.

टेबलावर तीन छापील प्रती:
१८७१चं मासिक, कडुलिंबाच्या पाल्यात राखलेलं,
१८८८चा संग्रह, पाठीचा कणा मोडलेला,
आणि १९५६ची पुस्तिका, किंमत चार आणे,
मुद्रितं तपासणार शांतवन उबाळे.
म्हणजे बाबा.

नाताळावरची एकच ओवी. कवीचं नाव कुठेच नाही.
पहिल्यांदा खाली 'एक शरणपूरवासी',
दुसऱ्यांदा 'इंग्रजीवरून'.
त्या इंग्रजीच्या शोधात माझी दोन वर्षं गेली.
आईच नव्हती, तर आजोळ कुठून सापडणार?

मासिकात अशी:

थंडी पडली गोदातीरीं ।
बाळ निजलें गवतावरी ।
जागी एकली सिदीण पोरी ।
… सोडिलें तियेनें ॥

चौथ्या ओळीतला पहिला शब्द कसरीने खाल्ला.
नेमका तोच.
भोक इतकं गोल, की त्यातून
पुढच्या पानावरचा वर्गणीदारांचा हिशेब दिसतो.

सतरा वर्षांनी थंडी पडली 'बेथलेहेमीं'.
ओवी इथेच लंगडली.
गोदा गेली, तिच्यामागे यमकही वाहून गेलं.
मग 'जागी एकली मरिया नारी',
मग 'दिवे सोडिलें तियेनें'.

सिदीण पोर गेली.
कुठल्याशा जहाजातून सोडवलेली,
बंदरातून घाट चढून इथवर आणलेली कुणी.
मिशनच्या वहीत एक नोंद आहे: सारा, वय अदमासे नऊ.
पुढचा रकाना कोरा.
ती हीच, असं मी म्हणत नाही.

दिवे मात्र कुणालाच खटकले नाहीत.
नाशिककर दिवे सोडणारच,
समोर नदी नसून गोठा का असेना.
आईसुद्धा 'दिवे'च म्हणायची, आणि चोवीस तारखेला
पितळी परातीत पाणी घेऊन
द्रोणातली पणती सोडायची.
आम्ही पोरं फुंकर घालायचो. हळू, ज्योत सांभाळून.

पण दिवे अनेक. आणि 'सोडिलें'वर अनुस्वार.
दिवे सोडिले म्हणावं, सोडिलें नव्हे.
तिथे काहीतरी नपुंसकलिंगी होतं, एकटंच,
जे घर सोडून गेलं
आणि आपला ठिपका शेजाऱ्याच्या डोक्यावर विसरलं.

भिंग धरलं.
भोकाच्या वरच्या काठावर, उरल्यासुरल्या कागदात
आणखी एक ठिपका.
शाई, की कसरीची घाण?
आशेरला ठरवता येईना. मला ठरवायचं नव्हतं.

दावें.
दावें सोडिलें तियेनें.

बाळ निजलंय. कुणी जागं नाही.
एक पोर उठते, गाईच्या मानेवरून हात फिरवते,
अंधारात गाठ चाचपते.
गाठी तिच्या मनगटांना ओळखीच्या.

कान्याऐवजी वेलांटीचा खिळा उचलणारा तो जुळारी
पेंगत होता, की त्याला कुणी सांगितलं होतं,
हे कळायला आता वाट नाही.

आणि १९५६? 'दिवे सोडिले तियेनें.'
निजलेंवरचा ठिपका आहे. तियेनेंवरचा आहे.
मधला हा एकच काढलाय,
कारण तो चुकीचा होता, आणि बाबांची लाल पेन्सिल
चूक सोडत नसे.
कर्म कुठलं, क्रियापद कुणाशी जुळतंय,
हे बघायला मला त्यांनीच शिकवलं,
जेवणाच्या पाटावर, हात वाळून जाईपर्यंत.

तळटीप लिहायला घेतली: 'पाठ संदिग्ध.'
खोडली. पुन्हा तीच लिहिली.

यंदाही परातीत पाणी घेतलं.
फुंकर घालायला घरात आता कुणी नाही.
द्रोण काठाला जाऊन अडकला,
बराच वेळ तसाच जळत राहिला.
मग मी एक बोट पाण्यात घातलं.